विरळ तालुका, दाट पाडा

लोकवस्तीची दाटी मोजण्याची रूढ रीत अगदीं सोपी आहे. एकंदर माणसांच्या संख्येस भूमीच्या क्षेत्रफळानें भागावें. येईल ती दाटी. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांस ही रीत लावली, तर २०११ च्या जनगणनेवरून दर चौरस किलोमीटरास सुमारें दोनशें माणसें, असें उत्तर येतें. मुंबईचें उत्तर त्याच वर्षीं वीस हजारांच्या आसपास होतें. म्हणजे तानसा परिसरांत माणशीं अर्धा हेक्टर, सुमारें सव्वा एकर भूमि झाली! इतकी ऐसपैस जागा असतां तेथें घरास ठाव न मिळण्याचें कारणच काय, असें कोणासही वाटेल. परंतु तो मिळत नाहीं, ही गोष्ट खरी आहे.

या भूमीचा मोठा भाग वनखात्याकडे आहे. मुंबईस पाणी पुरविणारें तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. भोंवतालचें रान १९७० मध्यें अभयारण्य ठरलें. पुढें भातसा नदीवरही मोठें धरण झालें. रान, पाणी आणि भाताचीं खाचरें वजा केलीं, म्हणजे घर बांधण्याजोगी जागा फार थोडी उरते. भागाकार मात्र सर्व भूमि धरूनच केलेला असतो.

शिवाय येथील गांव म्हणजे एकच वस्ती नव्हे. मध्यें गांवठाण, आणि रानाच्या कडेला, ओहोळाच्या कांठीं, टेकाडावर विखुरलेले पाडे, अशी त्याची ठेवण असते. गांवठाणांतील कुणब्याचें जुनें घर लांबरुंद. पुढें ओटी, मग माजघर, वर भाताचा माळा, आणि गुरांचा गोठाही बहुधा त्याच छपराखालीं. वारली, ठाकूर व महादेव कोळी यांचीं जुनीं घरें कुडाचीं. लांकडी खांबांच्या मध्यें कारवीच्या काठ्या उभ्या करून त्या विणावयाच्या व त्यांवर शेणमातीचा लेप द्यावयाचा. वर गवत, पेंढा किंवा कौलें. मुसळधार पावसाच्या या मुलुखांत छपराच्या वळचणी खालपर्यंत उतरविलेल्या असतात, त्या भिंत भिजूं नये म्हणूनच. काठ्यांच्या फटींतून वारा खेळतो, त्यामुळें उन्हाळ्यांत असें घर सुसह्य होतें. कातकऱ्याची झोंपडी याहून लहान, पुष्कळदां एकाच दालनाची. अलीकडे वीटसिमेंटचीं घरें व पत्र्याचीं छपरें पाड्यापाड्यांतून दिसूं लागलीं आहेत; वासिंद-आसनगांवाकडे, लोकलगाडीच्या सोयीमुळें, मजल्यांच्या इमारतीही उठल्या आहेत.

घराचा प्रकार कोणताही असो, पाड्याची खरी अडचण जागेची आहे. मुलगा कर्ता झाला, त्याचें लग्न झालें, कीं वेगळी चूल मांडावी लागते. गांवठाणाच्या हद्दीबाहेरील पाड्याची भूमि पुष्कळदां वनाची किंवा दुसऱ्या खातेदाराची असते. मग बापाच्याच घराची पडवी कुडानें बंद करून तेथें नवा संसार थाटावयाचा. आणखी एक मुलगा असला, तर दुसऱ्या बाजूची पडवी. अशा रीतीनें विरळ म्हणविणाऱ्या तालुक्यांत एका छपराखालीं तीन-तीन चुली पेटतात. भागाकारांत ही दाटी कोठेंच दिसत नाहीं.

गणनेच्या वेळेचाही विचार केला पाहिजे. २०११ ची शिरगणती फेब्रुवारींत झाली. दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीशेजारीं कच्च्या विटा रचून व वर पेंढा घालून केलेलें खोपट हेंच त्यांचें तेवढ्या काळाचें घर. गणना जेथें माणूस राहत असेल तेथें होते. म्हणून पाडा कागदावर आणखीच विरळ दिसतो. पावसाळ्यांत तोच पाडा भरून जातो, आणि गळक्या छपराखालीं निजण्यास जागा पुरत नाहीं.

कायद्यानें कांहीं वाट मोकळी केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें शेताप्रमाणेंच राहण्याकरितां ताब्यांत असलेल्या वनभूमीवरही आदिवासींचा हक्क मानला. मात्र तो ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा असावा लागतो. त्या दिवशीं जीं बालकें होतीं, तीं आज संसारीं झालीं आहेत. सप्टेंबर २०२० मध्यें राज्यपालांच्या अधिसूचनेनें अनुसूचित क्षेत्रांत वस्तीलगतच्या वनभूमीवर घरें बांधण्यास अनुमति देण्याची तरतूद झाली. शहापूर तालुका सबंध व मुरबाडचा कांहीं भाग या क्षेत्रांत येतो. पैशाचीही सोय आहे. प्रधानमंत्री आवास योजनेंत २५ चौरस मीटरांचें घर किमान मानलें आहे, आणि कातकऱ्यांसारख्या अतिदुर्बल जमातींकरितां २०२३ मध्यें निघालेल्या जनमन योजनेंत घरास दोन लक्ष रुपये ठरविले आहेत. परंतु पैसा विटा आणूं शकतो, जोतें कोठें घालावें हें सांगूं शकत नाहीं. जागेचा कागद हाताशीं नसला, तर घरकुलाची वाट तेथेंच अडते.

यास्तव दाटी मोजावयाची ती तालुक्याची नव्हे, पाड्याची. आणि फेब्रुवारींत नव्हे, श्रावणांत. एका छपराखालीं किती चुली पेटतात आणि जोत्याखालची भूमि कोणाच्या नांवावर आहे, या दोन प्रश्नांचीं उत्तरें ग्रामसभेनें पाडावार लिहून काढावीं. या कामास मोठी विद्या लागत नाहीं. शाळेंतील चवथीचा मुलगाही चुली मोजूं शकेल. तो आंकडा एकदां कागदावर आला, म्हणजे सव्वा एकराचा भागाकार कोणाची समजूत घालूं शकणार नाहीं.