रस्त्याकडेची धर्मशाळा : जडसन दांपत्याची रंगून येथील पहिली सात वर्षे

सेवेचे फळ केव्हा दिसावे, हा प्रश्न प्रत्येक पाळकाला व धर्मशिक्षकाला केव्हा ना केव्हा छळतोच. वर्षअखेरीस अहवालाचा कागद पुढे आला आणि बाप्तिस्म्यांचा रकाना रिकामा राहिला, की आपण केलेले श्रम व्यर्थ गेले काय, अशी शंका मनात डोकावू लागते. अशा वेळी परदेशी गेलेल्या एका तरुण मिशनऱ्याच्या पहिल्या सात वर्षांचा वृत्तांत नीट पाहणे आम्हांस उपयुक्त वाटते. तो मिशनरी म्हणजे अदोनीराम जडसन, आणि त्याच्याइतकीच त्या कार्याची धुरा वाहणारी त्याची पत्नी अ‍ॅन.

जडसनचे नाव आपल्या मराठी मंडळीला अगदीच परके नाही. १८१२ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम गावी ज्या पाच तरुणांवर हात ठेवून त्यांना दीक्षा देण्यात आली, त्यांत मुंबईस येऊन मराठी मिशनचा पाया घालणारा गॉर्डन हॉल होता व जडसनही होता. हिंदुस्थानात उतरल्यावर मात्र त्यांचे मार्ग भिन्न झाले. जलप्रवासात केलेल्या अभ्यासाने जडसनचे बाप्तिस्म्याविषयीचे मत पालटले व त्याने कलकत्त्यास पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पाठविणाऱ्या मंडळाचा आधार सुटला. त्यातच कंपनी सरकारने देश सोडण्याचा हुकूम केला. मॉरिशस व मद्रास येथे भटकून अखेर १३ जुलै १८१३ रोजी हे दांपत्य ब्रह्मदेशातील रंगून बंदरात उतरले. मद्रासहून येताना जहाजावरच त्यांचे पहिले अपत्य मृत जन्मले होते. जडसनला पंचविसावे वर्ष चालू होते. अ‍ॅन तेवीस वर्षांची होती.

पहिले काम भाषेचे. जो पंडित शिकवावयास मिळाला त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. वस्तूकडे बोट दाखवावे, त्याने नाव सांगावे, आणि ते कानात साठवावे, अशी शिकवणीची रीत होती. ताडपत्रांवरील लेखनात शब्दाशब्दांमध्ये जागा सोडलेली नसे; धार्मिक शब्द बहुतेक पालीतून आलेले. स्त्रीला शिकविणे पंडिताला प्रारंभी कमीपणाचे वाटले. परंतु घरकामाच्या निमित्ताने नोकरचाकर व बाजारकरी यांच्याशी रोजचा संबंध अ‍ॅनचाच येई. त्यामुळे बोलण्यात ती पतीच्याही पुढे गेली. जडसनने व्याकरणाची घडण आत्मसात केली, तर तिने जिवंत बोलीवर प्रभुत्व मिळविले. पुढे तिने रंगूनमधील सयामी लोकांची भाषा शिकून मत्तयाच्या शुभवर्तमानाचे त्या भाषेत भाषांतरही केले.

या काळात सांगण्याजोगे यश काहीच नव्हते. १८१५ साली जन्मलेला रॉजर आठ महिन्यांचा होऊन वारला. मायदेशातून फळाची विचारणा होई. तेव्हा मंडळ्यांनी धीर धरावा, आशा देवाच्या विश्वासूपणावर ठेवावी, अशा आशयाचे उत्तर जडसनने लिहिले. १८१६ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका लिहून पूर्ण केली. त्याच वर्षी श्रीरामपूरहून छापखाना आला आणि तो चालविणारा एक सहकारीही येऊन मिळाला.

१८१७ च्या डिसेंबरात बर्मी भाषा जाणणारे काही ख्रिस्ती लोक शोधावेत म्हणून जडसन चितगावला निघाला. वाऱ्यांनी जहाज भलतीकडे नेले. तो उतरला तो आंध्र किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणाजवळ. तेथून मद्रासमार्गे परत येण्यास ऑगस्ट १८१८ उजाडला. इकडे अ‍ॅनला पतीची काहीच वार्ता नव्हती. अधिकाऱ्यांचा जाच, युद्धाच्या वावड्या, पटकीची साथ, अशा स्थितीत सहकारी कुटुंबाने बंगालला जाण्याचे ठरविले. तीही त्यांच्याबरोबर जहाजावर चढली. परंतु निघण्यास विलंब झाला, तेव्हा उतरून एकटी घरी परतली व पुन्हा अभ्यासास बसली. पती जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नसता घेतलेला हा निर्णय जडसनच्या कोणत्याही धाडसापेक्षा उणा नाही, असे आम्हांस वाटते.

१८१९ च्या एप्रिलात त्यांनी पॅगोडांकडे जाणाऱ्या वर्दळीच्या रस्त्यालगत एक ‘झयात’ उभारला. झयात म्हणजे ब्रह्मदेशातील वाटसरूंची धर्मशाळा. तेथे थकलेला विसावतो, आणि धर्मचर्चाही चालते. जडसनच्या झयाताचा रस्त्याकडील भाग बांबू व गवताचा, दारे-भिंती नसलेला होता. मध्ये सभेची खोली होती. पुढल्या उघड्या भागात बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोले. अ‍ॅन स्त्रियांची वेगळी सभा घेई. आपल्या देशातील उपासनामंदिराची प्रतिकृती न उभारता त्या लोकांच्या परिचयाच्या जागी, त्यांच्या रीतीने बसणे, ही गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतो. इफिस येथे पौलानेही तुरन्नाच्या पाठशाळेत बसूनच दोन वर्षे वाद-संवाद केला होता. मात्र झयात आधी बांधला असता तर तो रिकामाच राहिला असता. सहा वर्षांच्या भाषाभ्यासानेच त्याला वाचा दिली.

एप्रिलच्या अखेरीस मौंग नाऊ नावाचा एक गरीब मनुष्य तेथे येऊ लागला. २७ जून १८१९ रोजी जवळच्या तळ्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. नोव्हेंबरात आणखी दोघे आले. परंतु परधर्म स्वीकारणाऱ्या प्रजाजनांवर संकट ओढवण्याची भीती होती. म्हणून १८२० च्या जानेवारीत जडसनने अमरापूर या राजधानीत राजाकडे अर्ज केला. राजाने सोबतच्या पुस्तिकेच्या पहिल्या ओळी वाचल्या व ती जमिनीवर टाकून दिली.

निराश होऊन रंगून सोडण्याचा विचार जडसनने बोलून दाखविला, तेव्हा त्या मूठभर विश्वासणाऱ्यांनीच त्याला थोपविले. आठ-दहा जण होईपर्यंत राहावे, आमच्यातूनच एकाला शिक्षक नेमावे, मग खुशाल जावे, असे त्यांचे म्हणणे. जे काल शिकत होते, ते आज मंडळी कशाने टिकते हे गुरूला सांगत होते. १८ जुलै १८२० रोजी दहाव्या व्यक्तीचा, मा मेन-ला या स्त्रीचा, बाप्तिस्मा झाला. दुसऱ्याच दिवशी आजारी अ‍ॅनला घेऊन जडसन कलकत्त्यास निघाला.

पुढचा इतिहास बहुश्रुत आहे : १८२४ साली इंग्रज-बर्मी युद्धात आलेली कैद, १८२६ मध्ये अ‍ॅनचा मृत्यू, आणि १८३४ मध्ये पूर्ण झालेले बर्मी पवित्र शास्त्र, जे आजही तेथील मंडळ्यांत वाचले जाते. परंतु या सर्वांची मुळे त्या सात वर्षांत आहेत. अहवालाच्या दृष्टीने १८१३ ते १८१८ हा काळ शून्याचा. प्रत्यक्षात तो पेरणीचा होता. म्हणून आमची सूचना एवढीच की, सहकाऱ्याच्या कार्याचे मोल ठरविताना किती बाप्तिस्मे झाले हे विचारण्यापूर्वी तो आपल्या लोकांची भाषा किती शिकला, त्यांच्या वाटेवर किती बसला, आणि त्याच्यामागे शिकविणारा कोणी उभा राहत आहे काय, हे विचारावे. आणि ज्याचा रकाना अद्याप रिकामा आहे, त्या बंधूने हेच प्रश्न प्रथम स्वतःस विचारावेत व धीराने आपल्या जागी बसून राहावे.