पहिलटकरणीचं वय

बाळंतपणाची गोष्ट : भाग ६

अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं का धरतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. या वजनाचा आईच्या वयाशी जवळचा संबंध आहे.

मुलीला पाळी आली की ती मोठी झाली, असं घरची वडीलधारी माणसं धरून चालतात. पण पाळीनंतरही उंची थोडीथोडी वाढत असते आणि कमरेची हाडं त्याहून उशिरापर्यंत रुंदावत असतात. या वयात दिवस गेले तर एकाच ताटात दोन वाढती शरीरं जेवू लागतात. रक्त आधीच कमी, त्यात लोहाची ओढाताण. बाळ लहान राहतं किंवा दिवस भरायच्या आत येतं. वाढलंच तर अरुंद कमरेत अडतं. विशी-चोविशीतल्या आईपेक्षा विशीच्या आतल्या आईला झटके येण्याचा धोकाही जास्त असतो. भारतासह पाच देशांतल्या सुमारे १९ हजार मातांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आईची उंची आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही तरुण मातांची बाळं जास्त प्रमाणात कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची निघाली.

चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसच जगलं. पुढे अमेरिकेत डॉक्टर होताना, १८८६ साली, त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. आजही महाराष्ट्रातल्या विशी-चोविशीतल्या शंभर बायकांपैकी सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं २०१९–२१ची राष्ट्रीय पाहणी सांगते.

वय एकटंच दोषी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून वढू परिसरातल्या गरोदर बायका पाहिल्या. गरोदर राहण्यापूर्वी त्यांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. पालेभाज्या, फळं खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी भरली, तर फार कष्ट उपसणाऱ्यांची लहान. मावळात भाताच्या आवणीच्या दिवसांत पोटुशी सून दिवसभर चिखलात ओणवी असते, तेव्हा हा निष्कर्ष घरच्यांनी मनावर घ्यायला हवा.

पस्तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह वाढतात. चाळिशीत डाऊन सिंड्रोमची शक्यता शंभरात एकाच्या आसपास जाते. पण तपासण्या वेळेवर झाल्या तर यातलं बरंचसं सांभाळता येतं.

मला खरी काळजी वाटते ती खोट्या वयाची. कायद्याच्या भीतीने सतराची मुलगी कार्डावर वीस-एकवीसची होते आणि जोखमीच्या मातांच्या यादीतून सुटते. आशाताईंना खरं वय सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. लोणावळ्याजवळ भुशी धरणाकडच्या घरांसाठी आणखी एक: पावसाळ्यात शनिवार-रविवारी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दिवस भरत आले असतील तर कळांची वाट न बघता दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आधीच मुक्काम हलवा.