कायमचं भिजलेलं मांजर!

शार्क म्हटलं की तुम्हाला 'जॉज' आठवतो ना? आता भेटा फूटभर लांबीच्या ब्रिस्टली कॅटशार्कला. पोस्टरवर झळकण्याएवढी साइज नाही, पण किस्से मात्र फुल्ल ब्लॉकबस्टर!

माहीत आहे का? ही मुशी पक्की भारतीय आहे! दक्षिण भारताच्या किनाऱ्यापलीकडचा आणि अंदमानचा खोल समुद्र हा तिचा पत्ता.

खोल म्हणजे किती? 500 मीटरवरही ती सापडते. गेटवे ऑफ इंडिया एकावर एक 19 वेळा रचा, तरी टोक पाण्याबाहेर येणार नाही!

आणि हिचं मुंबई कनेक्शन? 1891 मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली आल्फ्रेड अल्कॉक यांनी. हे महाशय पेशाने सर्जन, ड्युटी मात्र 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षणाच्या आगबोटीवर. ती लाकडी आगबोट बांधली गेली मुंबईच्या गोदीत!

आता डोळे बघा. मांजरासारखे लांबट, आणि दृष्टिपटलामागे चकाकता पडदा. निसटलेला प्रकाश तो परत डोळ्यात फेकतो. अंधारात बिल कमी, उजेड जास्त!

कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा: गुळगुळीत. उलटा फिरवा: खर्रर्र! कारण शार्कचे खवले दातांसारखेच घडलेले असतात. म्हणजे हिला नखशिखान्त दातच दात!

भूक लागली की? नाकाडावर जेलीने भरलेली बारीक छिद्रं आहेत. भक्ष्याच्या शरीरातली क्षीण वीजही ती टिपतात. कोळंबी कितीही दडून बसू दे, करंट लागतोच!

बाकी बहुतेक कॅटशार्क अंडी घालतात. ही मात्र थेट पिल्लांना जन्म देते. किती? साधारणपणे दोन, प्रत्येक गर्भाशयात एक! 'हम दो, हमारे दो' हिने अगदी मनावर घेतलंय.

पण इथेच खरी मेख आहे. केरळचे ट्रॉलर खोल समुद्रात कोळंबीसाठी जाळं ओढतात आणि ही बिचारी फुकटात अडकते. एका वेळी दोनच पिल्लं, मग घटलेली संख्या भरून निघणार कशी?

तर शेवटचा प्रश्न: माणसाला हिच्यापासून धोका शून्य, हिला माणसाच्या जाळ्यापासून भरपूर. दोघांत डेंजरस कोण? उत्तर तुम्हीच लॉक करा!