चांदीच्या जुन्या रुपयांवरील ठसाभेद व टांकसाळ-दोष : ओळख आणि अन्वयार्थ

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत देणगीदाखल आलेली जुनी नाणी बहुधा एखाद्या कपाटात जपून ठेवलेली असतात आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘राणीछाप रुपया, १८६२’ एवढाच मजकूर असतो. वर्ष नाण्यावरून अचूक उतरवलेले असले, तरी नाणे त्याच वर्षी पाडले गेले असेल असे नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा १८४० सालचा रुपया तेच वर्ष कायम ठेवून पुढे अनेक वर्षे पाडला जात होता. त्यानंतरच्या रुपयांवर १८६२ हे वर्ष १८७४ पर्यंत गोठलेले राहिले. म्हणून एखाद्या भूमिगत संचयातील सर्वांत अलीकडचे नाणे १८६२ चे आहे, एवढ्यावरून तो संचय त्याच सुमारास पुरला गेला असे अनुमान काढले, तर ते बारा वर्षांनी चुकू शकते.

ही चूक टाळण्याचे साधन म्हणजे ठसाभेद. ठशातच असलेला फरक त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर उतरतो. त्यामुळे तो काळ व टांकसाळ या दोहोंचा पुरावा ठरतो. १८४० च्या रुपयावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ हा इंग्रजी लेख काही नाण्यांत मस्तकावरून सलग जातो, तर काहींत मस्तकाच्या दोन बाजूंना विभागलेला असतो. सलग लेखाचा प्रकार आधीचा व विभागलेला नंतरचा. मुंबई टांकसाळीच्या १८६२ च्या रुपयांवर मागील बाजूच्या नक्षीत बारीक टिंबे आढळतात. त्यांची संख्या व जागा बदलत जाते आणि त्यावरून नाणे पाडल्याचे खरे वर्ष ठरवता येते. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावरील प्रसिद्ध भेदही याच वर्गातला : राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारण्यात आली. त्यास बाजारात ‘चुकीचे नाणे’ म्हणतात. वस्तुतः यंत्राने तेथे कोणतीही चूक केलेली नाही.

टांकसाळ-दोष हा याहून वेगळा प्रकार असून तो कोरी चकती, ठसा अथवा आघात यांपैकी एका टप्प्यावर उद्भवतो. दोष कसा घडला हे सांगता येत नसेल, तर तो दोष टांकसाळीचा मानू नये. पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या छिद्रावर कातर पडली, तर चकतीचा एक तुकडा कमी भरतो. अशा नाण्यावर कापलेल्या भागाच्या नेमक्या समोरचा काठ बहुधा अस्पष्ट उठतो. यास ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. नंतर कापलेल्या नाण्यावर समोरचा काठ ठळक राहतो आणि कापल्या जागी कानशीचे ओरखडे दिसतात.

‘ब्रॉकेज’ या दोषाची परीक्षा अधिक उद्बोधक आहे. पाडलेले नाणे एका ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी तेच नाणे आदळते. परिणामी नव्या नाण्यावर एकाच बाजूचे चित्र दोनदा येते : एकीकडे नेहमीसारखे उठावाचे, दुसरीकडे खोलगट व उलटे. दोन नाणी शेगड्यात आवळूनही उलटा ठसा उमटवता येतो. परंतु तेव्हा मूळ चित्राचे अवशेष खाली उरतात आणि मागची बाजू चेपते. रेषांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. ठशाला तडा गेला, की धातू त्या फटीत शिरतो व नाण्यावर रेषा उंच उठते. खोल गेलेली रेषा बहुतेकदा नंतरचा ओरखडा असते.

वजनाचा निकष सावधपणे वापरावा. १८३५ च्या कायद्याने ठरलेल्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, व त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. वापराने झिजलेला रुपया हलका भरणारच. दागिन्यासाठी पाडलेले छिद्र, डाख देऊन बसवलेली कडी किंवा सराफाने चांदी पारखताना मारलेली खूण हे नाण्याचे पुढचे आयुष्य होय; टांकसाळीशी त्याचा संबंध नाही.

हे निकष यंत्राने पाडलेल्या नाण्यांपुरते आहेत, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मराठेशाहीतील अंकुशी रुपया हातोड्याने पाडलेला. त्याचा ठसा चकतीहून मोठा असल्याने बादशहाच्या नावाचा लेख अर्धाच उमटतो. तो दोष नसून त्या पद्धतीचे सर्वसामान्य रूप आहे. असा रुपया ‘मध्यभ्रष्ट दुर्मिळ नाणे’ म्हणून विकला जातो, तेव्हा ग्राहकाच्या अज्ञानाची किंमत वसूल होत असते.

तपासणीपूर्वी नाणे राखेने वा चिंचेने घासण्याची आपल्याकडील सवय मात्र घातक आहे. मुंबईची टिंबे टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि घासण्यात तीच आधी झिजतात. दहापट भिंग, तिरपा प्रकाश व शतांश ग्रॅम दाखविणारा काटा एवढ्या साहित्यावर बरेचसे काम होते. नोंदवहीत ‘वर्ष’ या एका रकान्याऐवजी ‘नाण्यावरील वर्ष’ आणि ‘पाडल्याचा काळ’ असे दोन रकाने आखावेत. दुसरा रकाना काही नाण्यांपुढे कोरा राहिला तरी चालेल.