सरासरी चार सेकंद, पण कोणाचे?

एकच संकेतस्थळ, एकच फाईल. तरी ती कधी एका सेकंदात उतरते, तर कधी दहा सेकंद घेते. असे का होते?

मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर असतात. त्यांच्यापुढे असतो लोड बॅलन्सर. रांगेतल्या माणसांना वेगवेगळ्या खिडक्यांकडे पाठवावे, तशा तो आलेल्या मागण्या पाळीपाळीने सर्व्हरांकडे पाठवतो.

समजा, तीनपैकी दोन सर्व्हर फाईल १ सेकंदात देतात. तिसऱ्याची डिस्क बिघडल्याने तो १० सेकंद लावतो. सरासरी आली ४ सेकंद. पण ४ सेकंद तर कोणालाच लागले नाहीत! म्हणून सरासरीवर न थांबता प्रत्येक सर्व्हरची वेळ वेगळी मांडावी लागते.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ किंवा चित्र सर्वांना जसेच्या तसे द्यायचे असते. २००४ साली आलेली एन्जिनएक्स ही प्रणाली मागण्यांचे वाटप करते, तशीच स्वतःच्या डिस्कवरून फाईलही देऊ शकते. फाईल अशी लोड बॅलन्सरवरूनच दिली, की मागचे सर्व्हर वाटेतून बाजूला होतात. आता त्याच संगणकावरून तीच फाईल पुन्हा पुन्हा उतरवून पाहावी. वेळ सारखी आली, तर दोष मागच्या बाजूला असण्याचा संभव जास्त. तरीही कमीजास्त झाली, तर लोड बॅलन्सर आणि पुढचे जाळे तपासावे. जाळ्यात माहितीचे एखादे पाकीट हरवले, तर टीसीपी ते पुन्हा पाठवते आणि वाटेत गर्दी आहे असे समजून वेग कमी करते.

वर्गात सरासरी शिकवताना १, १ आणि १० या तीन संख्या फळ्यावर जरूर लिहाव्यात.