खाली दुकान, वर घर, समोर ऑफिस

कांजूरमार्गला उतरून शेअर रिक्षाने पवईला जाण्यात माझी नोकरीची अकरा वर्षं गेली. हिरानंदानी गार्डन्समध्ये इमारतींच्या खांबांवरच्या छताखालून चालताना भर पावसातही छत्री मिटलेली असायची. खाली औषधाचं दुकान, बेकरी, बँक, वर घरं, चार पावलांवर शाळा, रुग्णालय, ऑफिसं. संध्याकाळी सातला आजोबा बाकावर आणि आम्ही ऑफिसवाले चहाला, रस्ता एकच. दिवसभर कुणीतरी असतं, म्हणून रात्रीही तिथून एकटीने चालताना मला कधी भीती वाटली नाही. मिश्र वापराच्या आराखड्याचा खरा फायदा हाच. वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी हे आखलं, ते मनापासून आवडतं.

पण आराखडा म्हणजे नुसते रस्ते आणि खांब नव्हेत. तिथे कोण राहणार, हेही त्यातच ठरतं. पवईच्या या जमिनीसाठी 1986 मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि विकासक यांच्यात करार झाला. जमीन सुमारे 230 एकर, आणि अट अशी की घरं 40 आणि 80 चौरस मीटरची, म्हणजे मध्यमवर्गाला परवडतील अशी. प्रत्यक्षात घरं जोडून मोठी झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 2012 मध्ये न्यायालयाने सांगितलं, आधी छोटी घरं बांधा.

माझ्यासोबतच्या रिक्षातले बहुतेक जण पवईत काम करतात, राहतात मात्र डोंबिवली, कळवा, मुंब्र्याला. म्हणून तुमच्या भागाचा विकास आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा घरांच्या आकाराचं पान आधी वाचा आणि मुदतीत हरकत नोंदवा.