घोड्यांचा डॉक्टर व्हायचं तर

पदवीनंतर घोड्यांकडे वळू इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी आधी पोटशूळ झालेला घोडा दाखवते. घोड्याला उलटी होत नाही. पोट तुंबलं की नाकपुडीतून नळी घालून ते मोकळं करावं लागतं. कुशीला स्टेथोस्कोप लावल्यावर आतड्यांची गुडगुड ऐकूच आली नाही, तर पुढचा प्रत्येक तास मोलाचा. हा कान पुस्तकातून तयार होत नाही. साडेपाच वर्षांच्या बी.व्ही.एस्सी.नंतर शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. जरूर करा, पण पुण्याजवळच्या एखाद्या स्टड फार्मवर अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली विणीचा एक हंगाम काढाच. लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर हाही भक्कम रस्ता. सगळ्यांचे डोळे रेसच्या घोड्यांवर असतात. माथेरानच्या चढावर राबणाऱ्या घोड्यांचे खूरही जाणत्या हातांनी तपासायला हवेत.